जबड्यासाठी पायाचे हाड देताना

प्रश्न : माझ्या २७ वर्षांच्या धाकट्या भावाच्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला दीड-दोन वर्षांपासून गाठ वाढत होती. दुखत नव्हती म्हणून त्याने ती अंगावर काढली. दाढा हलू लागल्यावर तपासण्या झाल्या आणि बायोप्सीत ‘अमेलोब्लास्टोमा’ असे निदान आले. रुग्णालयातील डॉक्टरांच्या मते जबड्याचा सुमारे ९ सेंटिमीटरचा भाग काढावा लागेल आणि त्या जागी पायातील फिब्युला हे हाड बसवावे लागेल. दुसऱ्या एका डॉक्टरांनी गाठ खरवडून पोकळीत हाडाची भुकटी भरण्याचा सोपा मार्ग सुचवला आहे. आई म्हणते, पोराचा धडधाकट पाय कापण्यापेक्षा माझे हाड घ्या. भावाचे काम दिवसभर उभ्याने करण्याचे आहे आणि त्याला रोज पहाटे धावण्याची सवय आहे. लंगडत जगायचे असेल तर गाठ राहिली तरी चालेल, असे तो म्हणतो. तो दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढतो, हेही सांगायला हवे. पायाचे हाड काढल्यावर तो नीट चालू शकेल का? दुसऱ्या कोणाचे हाड किंवा नुसती धातूची पट्टी का चालत नाही?
— काळजीत पडलेली बहीण

उत्तर : तुमच्या पत्रात आजाराचा, जबड्याचा आणि पायाचा असे तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. भावाला त्यांतला पायाचा प्रश्न सर्वांत मोठा वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण पाय आज धडधाकट आहे आणि गाठ आज दुखत नाही. तरीही निर्णयाची सुरुवात पायापासून करू नये. आधी गाठ किती आणि कशी काढायची हे ठरते, त्यावरून जबड्यात किती मोठी उणीव राहणार हे ठरते, आणि ती उणीव कशाने भरायची हे त्यानंतर ठरते. हा क्रम उलटा झाला, म्हणजे पाय वाचवायचा म्हणून गाठ कमी काढली, तर काही वर्षांनी तीच शस्त्रक्रिया अधिक मोठ्या प्रमाणात करावी लागते आणि तेव्हा पायही वाचत नाही.

अमेलोब्लास्टोमा हा कर्करोग नाही, ही यातली दिलासा देणारी बाब. दात घडवणाऱ्या पेशींच्या अवशेषांतून तो उगम पावतो, खालच्या जबड्याच्या मागच्या भागात अधिक आढळतो, सावकाश वाढतो आणि क्वचितच शरीरात इतरत्र पसरतो. मात्र त्याची वागणूक साध्या गाठीसारखी नसते. क्ष-किरणात दिसणाऱ्या कडेच्या पलीकडेही त्याच्या पेशी हाडाच्या जाळीदार भागात शिरलेल्या असतात, त्यामुळे दिसणारी गाठ खरवडून काढली तरी कडेला काही पेशी मागे राहतात आणि तिथून गाठ पुन्हा वाढते. नेहमीच्या घन किंवा अनेक कप्पे असलेल्या प्रकारात नुसते खरवडल्यानंतर गाठ परत येण्याचे प्रमाण इतके मोठे आहे की बहुतेक शल्यचिकित्सक दिसणाऱ्या कडेपासून १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडासह ती काढण्याचा आग्रह धरतात. तुमच्या भावाला सांगितलेल्या ९ सेंटिमीटरमध्ये ही सुरक्षिततेची कडही धरलेली असणार.

दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला सरसकट चुकीचा ठरवण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. या आजाराचा ‘युनिसिस्टिक’, म्हणजे एकाच पोकळीचा, असा एक प्रकार आहे. तो बहुधा तरुण वयात आढळतो आणि त्याच्या काही उपप्रकारांत गाठीचे अस्तर काढून पोकळीवर उपचार करणे पुरेसे ठरू शकते. तेव्हा बायोप्सीच्या अहवालात कोणता प्रकार लिहिला आहे हे नेमके विचारा, आणि शंका असेल तर बायोप्सीच्या नमुन्याची तीच काचपट्टी तोंडाच्या विकृतिशास्त्राचा अनुभव असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. प्रकार नेहमीचा असेल, हाडाची बाहेरची भिंत गाठीने पोखरून फोडली असेल आणि दाढा हलत असतील, तर भुकटीचा मार्ग सोपा खरा, पण तो या आजाराचा उपचार नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ९ सेंटिमीटरच्या उणिवेकडे वळू. खालचा जबडा हा नालेच्या आकाराचा एकसंध सांगाडा असून त्याला चावण्याचे, जीभ आणि घशाचे अनेक स्नायू चिकटलेले असतात. मधला भाग काढून तसाच सोडला तर उरलेला जबडा त्या बाजूला ओढला जातो, वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसत नाहीत आणि गाल आत बसतो. टायटॅनियमच्या पट्टीने दोन टोके जोडली तर आकार तेवढ्यापुरता टिकतो. पण पट्टी म्हणजे केवळ आधार आहे. ती झिजते तशी भरून निघत नाही. दर घासाला तिच्यावर ताण येतो, वर्षानुवर्षांच्या ताणाने ती मोडू शकते, तिचे स्क्रू सैल होतात किंवा ती त्वचेतून अथवा तोंडातून उघडी पडते, आणि तिच्यावर दात बसवता येत नाहीत. वय झालेल्या, मोठी शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या रुग्णासाठी हा मार्ग कधी कधी योग्य असतो. २७ वर्षांच्या माणसाला पुढची पन्नास वर्षे चावायचे आहे.

म्हणून तिथे हाड हवे. कोणाचे हाड, हा प्रश्न तुमच्या घरात चर्चेत आहे. शल्यचिकित्सक त्याआधी दुसराच प्रश्न विचारतो, तो असा की त्या हाडाला रक्त कुठून मिळणार. हाड वरून दगडासारखे दिसले तरी आतून जिवंत असते, आणि त्यातील पेशींना सतत रक्तपुरवठा लागतो. एखाद्या जागेवरून हाडाचा तुकडा काढून दुसरीकडे नुसता ठेवला तर त्यातील बहुतेक पेशी मरतात. पृष्ठभागाजवळच्या काही पेशी भोवतालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरतात. उरलेला तुकडा मचाणासारखा उपयोगी पडतो. कडेच्या जिवंत हाडातून नव्या रक्तवाहिन्या त्यात हळूहळू शिरतात, जुने हाड खाल्ले जाते आणि त्या जागी नवे तयार होते. या कामाला महिने लागतात, आणि मधल्या काळात तो तुकडा आधीपेक्षा कमजोर असतो. तुकडा लहान असेल, भोवतालचे मांस निरोगी असेल आणि जागा तोंडाच्या लाळेपासून बंद असेल, तर ही पद्धत उत्तम चालते; कमरेच्या हाडाच्या कडेतून घेतलेले असे तुकडे कितीतरी रुग्णांच्या जबड्यात, मणक्यांत आणि न जुळणाऱ्या अस्थिभंगांत वर्षानुवर्षे वापरले जात आहेत. सर्वसाधारणपणे ५ ते ६ सेंटिमीटरपर्यंतच्या उणिवेसाठी तिचा विचार होतो. त्यापलीकडे नव्या रक्तवाहिन्या मध्यापर्यंत पोहोचण्याआधीच तुकडा विरघळण्याची किंवा त्यात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढत जाते, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत तर शस्त्रक्रियेच्या वेळी ती जागा तोंडाशी उघडी असणार आहे.

हाडाच्या भुकटीचेही असेच. ती बहुधा दुसऱ्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या हाडावर प्रक्रिया करून, अथवा कॅल्शियमच्या क्षारांपासून तयार केलेली असते. तिच्यात जिवंत पेशी नसतात. चहूबाजूंनी हाडाच्या भिंती असलेल्या लहान पोकळीत ती चांगली काम करते, म्हणूनच दंतवैद्य इम्प्लांटपूर्वी, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात स्क्रू बसवण्यापूर्वी, ती सर्रास वापरतात. भिंतीच शिल्लक नसलेल्या ९ सेंटिमीटरच्या अंतरात भुकटीला धरून ठेवायलाच काही नसते.

तुमच्या आईंच्या इच्छेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांना केवळ ‘चालत नाही’ एवढे सांगून समाधान होणार नाही. दुसऱ्याचे हाड बसवणे ही कल्पना नवी नाही. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक विल्यम मॅकइवेन यांनी १८८० च्या सुमारास एका लहान मुलाच्या दंडाचे हाड पुन्हा उभे केले होते, आणि त्यासाठी मुडदुसाने वाकलेले पाय सरळ करताना इतर मुलांच्या नडगीतून निघालेल्या पाचरी वापरल्या होत्या. आजही अस्थिपेढ्यांत साठवलेले हाड पुष्कळदा जिवंत दात्यांकडूनच आलेले असते; खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचे काढलेले डोके रुग्णाच्या संमतीने तिथे जमा होते. दात्याची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस अशा आजारांसाठी तपासणी होते, हाड धुऊन त्यातील पेशी काढल्या जातात, ते गोठवले किंवा सुकवले जाते आणि अनेकदा गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. पेशी उरलेल्या नसल्यामुळे शरीर ते सहसा नाकारत नाही आणि रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागत नाहीत. पण याच प्रक्रियेमुळे ते निर्जीव मचाण होते आणि वर सांगितलेल्या सगळ्या मर्यादा त्याला लागू होतात. आईंचे हाड रक्तवाहिन्यांसह जिवंत स्वरूपात बसवायचे म्हटले तर ते मूत्रपिंड प्रत्यारोपणासारखे होईल. भावाला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतील, आणि त्यांतून येणारे जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचे विकार व कर्करोगाचा वाढलेला धोका पत्करावा लागेल. २००५ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या पहिल्या आंशिक चेहरा प्रत्यारोपणानंतर असा मार्ग काही मोजक्या रुग्णांसाठी स्वीकारला गेला आहे, पण ज्यांच्या स्वतःच्या शरीरातून ती उणीव भरून काढता येत नाही अशांसाठीच. तुमच्या भावाच्या पायात योग्य हाड असताना आईंचे घेणे म्हणजे एका माणसाऐवजी दोन माणसांना कापणे होय.

उरतो तो मार्ग म्हणजे त्याचे स्वतःचे हाड, त्याच्या धमनी आणि शिरांसकट काढून, मानेतल्या वाहिन्यांना जोडणे. मेलबर्नचे इयन टेलर यांनी १९७५ मध्ये फिब्युला अशा रीतीने दुसऱ्या पायातील नडगीच्या उणिवेसाठी नेल्याचे प्रसिद्ध केले आणि न्यूयॉर्कचे डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये जबड्यासाठी त्याचा उपयोग करून दाखवला. तेव्हापासून मोठ्या जबड्याच्या उणिवेसाठी जगभर हेच हाड सर्वाधिक वापरले जाते, आणि त्याला कारणे आहेत. ते लांब आणि सरळ असून प्रौढ माणसात त्याचा २० ते २५ सेंटिमीटरचा भाग घेता येतो. त्याला पोसणारी पेरोनिअल धमनी हाडाच्या लांबीला समांतर धावते आणि ठिकठिकाणी त्याला फांद्या देते, त्यामुळे हाड दोन-तीन जागी पाचरी काढून जबड्याच्या वळणाप्रमाणे मोडले तरी प्रत्येक तुकडा जिवंत राहतो. त्याचा वरचा थर घट्ट असल्याने पुढे दातांचे स्क्रू त्यात पकडतात. आणि पाय डोक्यापासून दूर असल्याने एक चमू गाठ काढत असताना दुसरा चमू त्याच वेळी हाड काढू शकतो. आजकाल बऱ्याच ठिकाणी सीटी स्कॅनवरून संगणकावर आधीच सगळी आखणी होते आणि हाड नेमक्या कोनात कापण्यासाठी थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतलेले साचे वापरले जातात. तुमच्या रुग्णालयात तशी सोय आहे का, हे विचारायला हरकत नाही.

आता भावाच्या पायाविषयी. पोटरीत दोन हाडे असतात. पुढे हाताला लागते ती नडगी जाड असते आणि शरीराचा बहुतेक भार तीच पेलते; फिब्युला ही बाहेरच्या बाजूची सडपातळ सोबतीण असून तिच्यावर भाराचा लहानसा वाटा येतो. मात्र तिची दोन्ही टोके फार महत्त्वाची असतात. खालचे टोक म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दिसणारा उंचवटा. तो घोटा बाजूला सरकू देत नाही. वरच्या टोकाला वळसा घालून एक मज्जातंतू जातो, त्याला इजा झाली तर पाऊल वर उचलता येत नाही. म्हणून दोन्ही टोकांचे साधारण ६ ते ७ सेंटिमीटर हाड जागेवर ठेवून फक्त मधला भाग काढला जातो. पाय आखूड होत नाही, बाहेरून वाकडा दिसत नाही, आणि हाड काढल्यामुळे कायमचे लंगडत चालावे लागणे ही अपवादात्मक गोष्ट आहे.

तरीही पायाला काहीच होत नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. त्या हाडाला पायाचा अंगठा खाली वाकवणारा स्नायू चिकटलेला असतो, त्यामुळे अंगठ्याचा जोर कमी होणे किंवा अंगठा किंचित आखडणे बऱ्याच जणांत दिसते. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पावलाच्या वर बधिरपणा राहू शकतो. थंडीत किंवा दीर्घकाळ उभे राहिल्यावर घोट्यात अवघडलेपण आणि सूज येते. हाडाबरोबर तोंडात लावण्यासाठी त्वचेचा मोठा तुकडा घेतला असेल तर पोटरीवरची जखम टाके घालून बंद होत नाही, मांडीवरची पातळ त्वचा तिथे लावावी लागते, आणि ती नीट भरेपर्यंत चालणे लांबते. एरवी पहिल्या आठवड्यातच वॉकर धरून पावले टाकायला लावतात आणि काही आठवड्यांत आधाराशिवाय चालता येते. उभ्याने करण्याच्या कामावर परतणे दोन-तीन महिन्यांत शक्य व्हावे. धावणे फिजिओथेरपिस्टच्या परवानगीने त्यानंतर सुरू करायचे असते. पुष्कळ तरुण रुग्ण पुन्हा धावतात, पण वेग आणि अंतर पूर्वीइतके होईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि खडबडीत उतारावर घोटा थोडा अविश्वासू वाटतो असे ऐकायला मिळते. घोट्याचे आणि अंगठ्याचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून नेटाने केले तर यातला बराच भाग टाळता येतो. हे सगळे भावाला असेच सांगा. ‘काही होत नाही’ या आश्वासनापेक्षा नेमकी माहिती त्याला अधिक धीर देईल, असे मला वाटते.

शस्त्रक्रियेपूर्वी पायाच्या रक्तवाहिन्यांचे सीटी अँजिओग्राफी झाले आहे ना, याची खात्री करून घ्या. पावलाला सामान्यतः तीन धमन्या रक्त पुरवतात आणि त्यांपैकी पेरोनिअल काढली तरी उरलेल्या दोन पुरेशा होतात. काही माणसांत मात्र जन्मतःच त्या दोन धमन्या अपुऱ्या असतात आणि पाऊल प्रामुख्याने पेरोनिअलवरच जगते. अशा पायातून हाड घेतले तर पाऊलच धोक्यात येते. मग दुसरा पाय किंवा खांद्याच्या फऱ्याचे अथवा कमरेचे हाड वापरावे लागते.

सिगारेटींचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा संकोचाने केला आहे, पण माझ्या दृष्टीने तुमच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करतो. याचा फटका जखमा भरण्याला, पायावर लावलेल्या त्वचेला आणि हाडाची टोके सांधण्याला बसतो, आणि पुढे दातांचे इम्प्लांट निकामी होण्याची शक्यताही वाढते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी सिगारेट पूर्ण बंद व्हायला हवी आणि हाड सांधेपर्यंत बंदच राहायला हवी. तंबाखू चघळणे, मिश्री किंवा ई-सिगारेट हे पर्याय नव्हेत. निकोटिनच्या चिकटपट्ट्या वापरायच्या असतील तर त्या कधी थांबवायच्या हे शल्यचिकित्सकाला आणि भूलतज्ज्ञाला विचारावे. ही गाठ सावकाश वाढणारी असल्याने एवढे चार-सहा आठवडे घेण्यास सहसा अडचण नसते. कर्करोग असता तर ही सवड मिळाली नसती.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया आठ ते बारा तास चालू शकते. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वेळ लांबला की काहीतरी बिघडले असे वाटू लागते, म्हणून आत काय चालते ते थोडे सांगतो. गाठ काढून झाल्यावर आणि हाड जबड्याच्या आकारात पट्टीवर बसवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या जोडल्या जातात. धमनीचा व्यास २ ते ३ मिलिमीटर असतो आणि ती केसापेक्षा बारीक नायलॉनच्या धाग्याने, आठ-दहा टाके घालून जोडतात. शिरेची भिंत आणखी नाजूक असते. टाके पूर्ण झाल्यावर वाहिन्यांवरच्या चिमट्या काढतात आणि सगळे थांबून पाहतात. काही क्षणांत स्नायूच्या कडेला लाल थेंब फुटतात, मग हाडाच्या कापलेल्या तोंडावरही बारीक ठिपके उमटतात, आणि शिरेतून गडद रक्त परत वाहू लागते. हे दिसले की हाड नव्या जागी जगू लागले असे समजतात. दिसले नाही तर टाके उसवून पुन्हा घालायचे, मग रात्र झाली तरी.

त्यानंतरचे पहिले तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे असतात, कारण जोडलेल्या वाहिनीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका तेव्हा सर्वाधिक असतो. सुरुवातीचे एक-दोन दिवस परिचारिका साधारण दर तासाला तोंडातील त्वचेच्या तुकड्याचा रंग पाहते, बोटाने दाबून सोडल्यावर लाली किती वेळात परतते ते पाहते आणि पेनासारख्या डॉपलर यंत्राने धमनीतील प्रवाहाचा आवाज ऐकते. तुकडा निळा-जांभळा झाला तर शीर तुंबलेली असते, पांढराफट्ट पडला तर धमनी बंद झालेली असते. अशा वेळी भावाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले तर त्याला अपयश समजू नका. वेळेत नेल्यामुळेच कितीतरी हाडे वाचतात. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेचे यश १०० पैकी ९५ च्या आसपास असते. उरलेल्या पाच जणांत हाड काढून टाकावे लागते आणि दुसरा उपाय योजावा लागतो, आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी भावाने तो दुसरा उपाय कोणता हे विचारून ठेवावे.

शुद्धीवर आल्यावर तो कसा दिसेल, याची तुमच्या आईंना आधीच कल्पना द्या. चेहरा खूप सुजलेला असतो, नाकातून अन्नाची नळी असते आणि श्वासमार्ग सुरक्षित राहावा म्हणून गळ्यात तात्पुरती श्वासनळी बसवलेली असू शकते. ती असेपर्यंत बोलता येत नाही, म्हणून लिहायला पाटी किंवा वही जवळ ठेवा. नळ्या बहुधा एक-दोन आठवड्यांत निघतात. सूज उतरायला काही महिने लागतात, तेव्हा पहिल्या महिन्यात आरशावरून निष्कर्ष काढू नये. जबड्यातून जाणारा संवेदनेचा मज्जातंतू गाठीबरोबर काढावा लागणार असल्याने डावा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहील. तो मज्जातंतू कलम करून जोडता येईल का, हे विचारण्यासारखे आहे, कारण ते त्याच शस्त्रक्रियेत करणे सोयीचे असते. आणखी एक गमतीची, पण आधी माहीत असलेली बरी अशी बाब आहे. तोंडात लावलेली पोटरीची त्वचा ही त्वचाच राहते. ती हिरड्यांपेक्षा फिकट दिसते आणि पोटरीवर केस असतील तर ते तोंडातही वाढतात. त्याचा त्रास झाला तर ते काढता येतात किंवा पुढे ती त्वचा पातळ करता येते.

दातांचा विचार आजच करायला हवा, जरी ते नंतर बसणार असले तरी. तरुण माणसाचा दात असलेला जबडा सुमारे ३ सेंटिमीटर उंच असतो, तर फिब्युलाची जाडी त्याच्या निम्म्याच्या आसपास भरते. हाड जबड्याच्या खालच्या कडेला बसवले तर चेहऱ्याची रेषा चांगली येते, पण वर दातांपर्यंत मोठी पोकळी राहते. वर बसवले तर दातांची सोय होते आणि हनुवटीची कड आत जाते. लांबी पुरेशी असेल तर हाड दुमडून दोन थर एकावर एक ठेवण्याची पद्धत आहे आणि तुमच्या भावाच्या वयात ती विचारात घेण्याजोगी आहे. या निवडीत इम्प्लांट बसवणारा दंततज्ज्ञ आधीपासून सहभागी असावा. काही केंद्रे त्याच शस्त्रक्रियेत इम्प्लांट बसवतात; बहुतेक ठिकाणी हाड सांधल्यावर, सुमारे सहा महिन्यांनी ते बसवतात. तोपर्यंत भावाला मऊ अन्न आणि उजव्या बाजूने चावणे यावर निभवावे लागेल, आणि तोंड पुरेसे उघडत राहावे यासाठी दिलेले व्यायाम चुकवून चालणार नाहीत.

शेवटी निर्णय भावाचा आहे, तुमचा किंवा आईंचा नाही. ‘गाठ राहिली तरी चालेल’ असे तो म्हणतो तेव्हा त्याला गाठ आज आहे तेवढीच राहील असे वाटत असावे. ती वाढत जाईल, जबडा इतका पातळ करील की साध्या धक्क्याने मोडेल, आणि ९ सेंटिमीटरची उणीव काही वर्षांत १२ किंवा १४ होऊ शकेल, हे त्याला शल्यचिकित्सकाने स्कॅन समोर ठेवून दाखवावे. शक्य असेल तर हीच शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षे झालेल्या एखाद्या रुग्णाची भेट रुग्णालयामार्फत घडवून आणण्याची विनंती करा. त्या माणसाला चालताना, बोलताना आणि खाताना पाहणे हे माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा त्याला अधिक पटेल. शल्यचिकित्सकाला त्याने स्वतः विचारावे की अशा शस्त्रक्रिया ते आणि त्यांचा चमू नियमित करतात का, आणि रात्री वाहिनी तुंबली तर लगेच शस्त्रक्रियागृह उघडण्याची सोय आहे का. यावर चिडणाऱ्या डॉक्टरपेक्षा सविस्तर उत्तर देणारा डॉक्टर निवडावा.

सर्व सुरळीत पार पडले तरी तपासण्या थांबवू नका. अमेलोब्लास्टोमा दहा वर्षांनंतरही परत आल्याचे दिसून आले आहे, त्यामुळे सुरुवातीला दर काही महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी जबड्याचा ओपीजी हा साधा क्ष-किरण काढून शल्यचिकित्सकाला दाखवावा, आणि बायोप्सी, शस्त्रक्रियेचा तपशील व काढलेल्या गाठीचा कडांसह अंतिम अहवाल अशी सगळी कागदपत्रे एका फाइलमध्ये भावाकडेच ठेवावीत.